नगावर हिशेब

पुण्यात धुणंभांडी करणाऱ्या बाई नव्या घरी आल्या की दारातच पहिला प्रश्न टाकतात, "माणसं किती?" आपण हुरळून सांगतो, "तीनच!" आपल्याला वाटतं, झालं, दर ठरला. पण ती नुसती सलामी असते. "म्हातारं माणूस आहे? लहान मूल? शनिवार-रविवार पाहुणे येतात? आणि कढया लोखंडी की कसल्या?" पाच मिनिटांत बाईंच्या डोक्यात आपल्या मोरीचा वर्षभराचा नकाशा तयार होतो. तिघांचं घर सहा जणांच्या घराला भारी पडू शकतं, हे त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नसतं.

संगणकाच्या धंद्यात मात्र पहिल्या प्रश्नावरच मुलाखत संपते. "नग किती?" चारशे. बस्स. पुढचं गणित कॅल्क्युलेटर करतो.

हे ज्ञान मला माझ्या भाच्याकडून मिळालं. तो हिंजवडीला रात्रपाळी करतो. म्हणजे अमेरिकेतला दंतवैद्य सकाळी दवाखाना उघडतो तेव्हा आमचा भाचा वरणभात खाऊन कामावर हजर होतो. तिकडचे छोटे दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, गुदामं स्वतःचं संगणक-खातं बाळगत नाहीत. ते काम बाहेरच्या कंपनीला देतात आणि त्यातलं कंटाळवाणं काम ती कंपनी आपल्याकडच्या पोरांना देते. प्रत्येक यंत्रात एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, त्याला 'एजंट' म्हणतात. आपल्या विम्याच्या एजंटासारखाच हाही सदैव जागा असतो आणि आपली प्रकृती कशी आहे हे वरचेवर कळवत राहतो. एजंट जितके, तितके नग. दरमहा दर नगी इतके डॉलर.

इथवर माझी काही तक्रार नाही. लग्नाचा केटरर पानांवर हिशेब करतो, त्याला आपण हसत नाही. दोन्ही पक्षांना भांडण न करता मोजता येईल असं काहीतरी बिलाला लागतंच. शिवाय व्हायरसविरोधी प्रोग्रॅमचं लायसन्स बहुधा यंत्रामागे विकत घ्यावं लागतं, तेव्हा तो खर्च नगावर लावणं रास्तच. पण बिलासाठी मोजलेला आकडा टेबलाटेबलावरून सरकत, "या गिऱ्हाइकाला माणसं किती लागतील?" हे ठरवणाऱ्या साहेबाच्या पुढ्यात जातो, तिथे घोटाळा होतो. केटरर पानं मोजून पैसे घेतो, पण आचारी किती लागतील हे ठरवताना पंगत आहे की बुफे, जिलब्या आहेत की गुलाबजाम, हेही विचारतो. जिलबी हा काय प्रकार आहे ते तळणाऱ्याला विचारा.

भाच्याच्या वाट्याला दोन गिऱ्हाइकं आली. एक गुदाम. तिथे चारशे नग, म्हणजे माल मोजायची एकाच जातीची टॅब्लेटं. सगळी जुळी भावंडं. एकाला औषध पाजलं की चारशेंना लागू पडतं. महिनोन् महिने तिकडून हूं की चूं नाही. दुसरा दंतवैद्य. नग अवघे चाळीस. पण त्यात एक्स-रे यंत्राला जोडलेला एक वृद्ध संगणक आहे. तो विंडोज ७वर चालतो. त्या विंडोजचा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२०मध्ये काढून घेतला, पण एक्स-रेचा प्रोग्रॅम नव्यावर चालायला तयार नाही आणि डॉक्टर नवं एक्स-रे यंत्र घ्यायला तयार नाहीत. शिवाय तीन प्रिंटर. (भाच्याच्या कंपनीत प्रिंटर अर्धा नग धरतात. हा दर ठरवणाऱ्यानं आयुष्यात प्रिंटर पाहिलेला नसावा.) साहेबांच्या कागदावर गुदामाला दोन मुलं आणि दंतवैद्याला एका मुलाचा पाचवा हिस्सा. तो पाचवा हिस्सा म्हणजे माझा भाचा. गेल्या वर्षात त्याचं वजन सहा किलो उतरलंय, आणि बहीण मला विचारते, "हा तिकडे नक्की करतो तरी काय?"

वस्तू मोजून काम कळत नाही, हे जुनंच दुखणं आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकारानं १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात आपला सुप्रसिद्ध सिद्धांत मांडला. त्यात ब्रिटिश आरमाराचे आकडे दिले होते. १९१४ साली मोठ्या युद्धनौका ६२, १९२८ साली २०. आरमाराच्या कचेरीतले अधिकारी मात्र २,०००चे ३,५६९ झाले. कारकुनी कशी फुगते हे दाखवायला त्यानं ते दिले. मला त्यात दुसरीच गंमत दिसते. नुसती जहाजं मोजून कचेरीचा अंदाज कोणी बांधला असता, तर त्याचं सपशेल नाक कापलं गेलं असतं. आमच्याकडे गाडी उलट्या दिशेला आहे, नग वाढतात आणि पोरं कमी होतात, पण चूक तीच.

आता तर यंत्र हे बरंचसं खिडकीपुरतं उरलंय. पत्रव्यवहार, हिशेब, फायली सगळं दूर कुठेतरी, क्लाऊडमध्ये. वकिलाच्या कचेरीत नवी मुलगी नोकरीला लागली की तिची दहा खाती उघडायची, कुणाला काय दिसावं ते ठरवायचं. ती सोडून गेली की ती दहाही न विसरता बंद करायची. नग एकानंही वाढला नाही की घटला नाही. काम दोन दिवसांचं. उलट, कपाटात धूळ खात पडलेला, बॅटरी मेलेला लॅपटॉप यादीत पुढचे सहा महिने मानानं नांदत असतो.

नगवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. १९ जुलै २०२४ला क्राऊडस्ट्राईक कंपनीचा एक सदोष अपडेट सुटला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवून आडवी झाली. आपल्याकडच्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. बंद पडलेल्या यंत्राला दुरून औषध पाजता येईना. पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून ती फाईल पुसावी लागली, आणि कुलूपबंद यंत्र असेल तर आधी ४८ आकड्यांची किल्ली टाईप करायची. त्या दिवशी पाचशे नग म्हणजे खरोखर पाचशे कामं होती. पण तेव्हाही ज्याच्याकडे पाचशे ॲपल होते, तो चहा पीत बसला होता. म्हणजे "नग किती?"नंतर "कसले?" हे विचारावं लागलंच की!

"मग तक्रारी मोजा," असं मी भाच्याला सुचवलं. तो हसला. "मामा, ते करून झालं. लोक एका तक्रारीच्या तीन करायला लागले. माउस चालत नाही ही एक, माउस बदलला ही दुसरी, माउस चालतो ही तिसरी."

"मग तास?"

"तास भरायला अर्धा तास लागतो. तो कुठल्या गिऱ्हाइकावर टाकायचा, याची मीटिंग असते."

शेवटी पोरांनी आपापसांत एक वही केली आहे. साहेबांना माहीत नाही. नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्या फोनवरच विचारायचं : सगळ्यात जुनं यंत्र कोणतं? ते बंद पडलं तर काय अडेल? वर्षात किती माणसं येतात-जातात? आधीची कंपनी का सोडली? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला गिऱ्हाईक जितका वेळ घेईल, तितक्या चांदण्या नावापुढे काढायच्या. दंतवैद्याच्या पानावर जागा संपल्यामुळे मागच्या बाजूला काढल्या आहेत.