‘पहिली’ या बिरुदापलीकडे : साफी फाय यांचे दोन चित्रपट

साफी फाय (1943–2023) यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात बहुधा एकाच वाक्यात येते : सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतला, स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि व्यावसायिकरीत्या वितरित झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट त्यांचा. वाक्य खरे आहे. पण एवढे सांगितले की त्यांचे चित्रपट पाहण्याची गरजच उरली नाही असे मानले जाते, ही माझी तक्रार आहे.

सेनेगलच्या डाकार शहरात जन्मलेल्या, सेरेर समाजातल्या फाय आधी शिक्षिका होत्या. 1966 साली डाकारला भरलेल्या कलामहोत्सवात ज्याँ रूश या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ-दिग्दर्शकाशी त्यांची ओळख झाली. रूश यांच्या एका चित्रपटात त्यांनी भूमिका केली; पुढे पॅरिसला जाऊन मानववंशशास्त्र आणि चित्रपटकला या दोन्हींचे शिक्षण घेतले. ज्या शास्त्राने आफ्रिकी खेड्याकडे परक्याच्या नजरेने पाहिले, तेच शिकून त्या आपल्या माणसांत परतल्या.

‘काद्दु बेकात’ (1975) म्हणजे शेतकऱ्याचा आवाज. चित्रपटाचा घाट पत्राचा आहे आणि ते पत्र फाय स्वतःच्या आवाजात वाचतात. न्गोरला कुम्बाशी लग्न करायचे आहे. पण पाऊस नाही, भुईमूग बुडाला, वधूमूल्य देता येत नाही. तो कामाच्या शोधात डाकारला जातो, तिथे नाडला जातो आणि गावी परततो. ही प्रेमकथा बेताचीच आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मान्य नाही. झाडाखाली बसलेली माणसे कर्जाबद्दल आणि भुईमुगाच्या भावाबद्दल बोलतात, तेव्हाच या लग्नाचे भवितव्य ठरत असते. वसाहतकाळात माथी मारलेले नगदी पीक माणसाच्या खासगी आयुष्यात कुठवर शिरते, हे फाय भाषण न देता दाखवतात. सेनेगलमध्ये या चित्रपटावर बंदी आली, यात नवल नाही.

1996च्या कान महोत्सवात दाखवलेला ‘मोसान’ मी याच चित्रपटाचा उत्तरार्ध म्हणून वाचतो. चित्रीकरण 1990 मध्येच झाले होते. निर्मात्याशी झालेल्या वादामुळे तो वर्षानुवर्षे अडकला. चौदा वर्षांच्या देखण्या मोसानचे एका गरीब विद्यार्थ्यावर प्रेम आहे. घरच्यांनी मात्र तिला फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्याला देऊ केले आहे. पहिल्या चित्रपटात पैसा नाही म्हणून लग्न अडते. इथे पैसा आला म्हणून ते लादले जाते. मोसान नकार देते, पळते आणि जीव गमावते.

इथे एक बदल महत्त्वाचा वाटतो. 1975 मध्ये फाय गावाची बाजू मांडत होत्या. ‘मोसान’मध्ये त्या गावालाच जाब विचारतात, तोही आपलेपणा न सोडता. असा जाब विचारणे हे ‘पहिले’ असण्यापेक्षा अवघड असते. त्यांचे मोल ठरवायचे तर ते इथे ठरवावे.