चौकट आणि घेर : सपाट पडदा व आभासी वास्तव

आजचा प्रश्न साधा आहे. मोबाइलच्या सपाट पडद्यावर एखादी गोष्ट बघणं आणि डोक्याला हेडसेट लावून तिच्या ‘आत’ जाणं, यात फरक कशाचा? विकणारे सांगतात, दुसरं हे पहिल्याचं सुधारलेलं रूप. पडद्याची चौकट ही अडचण होती, ती गेली. मला हे पटत नाही.

आधी इतिहास बघा. १९६८ साली डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस चालवून दाखवला. त्याच वर्षी आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा सादर केला. तो इतका जड, की छताला टांगावा लागे. डोकं वळवलं की समोरची रेषाकृतीही त्याप्रमाणे बदले. म्हणजे एक जुना नि दुसरा नवा, असं नाहीच. दोघे एकाच वयाचे.

मग फरक कुठे? आपला खंबाटकी घाट घ्या. साताऱ्याकडून येताना जुन्या बोगद्यानंतरचं इंग्रजी ‘एस’सारखं वळण वर्षानुवर्षं अपघातांसाठी कुप्रसिद्ध. नकाशावर ते नखाएवढं दिसतं. पण मागे सुरूर, पुढे खंडाळा, शिरवळ, सगळं एका नजरेत येतं. रस्ता कुठे चुकला, याचा विचार तिथे करता येतो. मात्र उतारावर ते वळण अंगावर कसं येतं, हे नकाशा सांगू शकत नाही. ते चालकाला शिकवायचं तर भोवताली घेर हवा. तिथे हेडसेटची बाजू खरी आहे.

आता शरीराची साक्ष काढू. घाटात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्याला गाडी लवकर लागते. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं, आपण हलतोय; डोळे म्हणतात, स्थिर आहोत. हेडसेटमध्ये बरोबर उलटं होऊ शकतं. डोळे धावतात, शरीर खुर्चीत! मळमळ मात्र तीच. ‘आत जाणं’ म्हणतात, पण आत जातात ते डोळे. उरलेला माणूस बाहेरच राहतो.

२०२४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेला ॲपलचा व्हिजन प्रो बघा. चौकट गेली म्हणायचं, आणि समोर काय? हवेत तरंगणाऱ्या सपाट खिडक्या! वाचायला, ताडून बघायला चौकट लागते, याची ही कबुलीच झाली.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे नजर हाच माउसचा बाण. ज्या चिन्हाकडे बघाल ते निवडलं जातं, मग चिमटीने होकार द्यायचा. सपाट पडद्यावर मी दहा गोष्टी बघतो आणि एकीकडेच हात नेतो. बघणं वेगळं, बोट ठेवणं वेगळं. सांख्यांचा पुरुष हा नुसता साक्षी, कर्ता नव्हे. ते तत्त्वज्ञान इथे लादायचं नाही. पण काहीही न करता नुसतं बघता येणं, यातूनच विवेकाला सवड मिळते. ती सवड इथे आक्रसते.

तिसरी गोष्ट सोबतीची. पडद्यापुढे आजी नि नातू शेजारी बसतात. एक म्हणतो, ‘हे बघ’, दुसरी म्हणते, ‘छे, तसं नाही रे ते.’ हेडसेट घातलेल्याला काय दिसतंय, ते शेजारच्याला कळत नाही. कळवायचं झालं तर चित्र दुसऱ्या पडद्यावर टाकावं लागतं. म्हणजे पुन्हा सपाट पडदाच!

उद्या आपल्या शाळांमध्ये कुणी हेडसेट विकायला आलं, तर एवढंच विचारा : हा धडा अंगवळणी पाडायचा आहे, की समजून घ्यायचा? वळणावर गाडी सांभाळणं, यंत्र उघडून जोडणं, हे शिकवायचं असेल तर जरूर घ्या. पण अपघात का होतात, रस्ता कुठून न्यायला हवा, हा धडा असेल तर टेबलावर नकाशा पसरा आणि चार मुलांना त्याभोवती वाद घालू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.