भिडू कोण?

नाटकांची परीक्षणे येतात, कादंबऱ्यांची येतात, हल्ली तर भेळेच्या गाड्यांचीही येतात. पत्त्यांच्या खेळाचे परीक्षण मात्र माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक तिसऱ्या अंकापर्यंत डुलकी न घेता मी पाहिलेली नाटके बोटांवर मोजण्याइतकी. उलट पत्ते मी रात्री तीन-तीनपर्यंत डोळे ताणून खेळलो आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजून चालू.

खेळाचे नाव काळी तिर्री. गणपतीत भाच्याने तो हॉस्टेलवरून आमच्या गावच्या घरात आणला. आरती, जेवणे आटोपली, ओटीवर सतरंजी पडली, मी मेंढीकोटाच्या बेताने पाने पिसायला घेतली, तोच हा म्हणाला, "मामा, सहाजण आहोत. मेंढीकोट काय खेळताय!"

दुर्र्या काढून उरतात ४८ पाने. माणशी आठ. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे प्रत्येकी १० गुण, पंजीचे ५, आणि इस्पिकच्या तिर्रीचे एकटीचे ३०. बेरीज २५०. (ती मी कागदावर करून पाहिली. जुळल्याशिवाय उठायचे नाही ही आमच्या काउंटरची सवय.) मग बोली लागते. "दीडशे", "एकशे साठ", "एकशे पासष्ट"... थकलेल्या सोनेतारणाचा लिलाव होतो ना, त्याच चालीवर. ज्याची बोली सर्वांत वर, तो हुकूम सांगतो आणि आपल्या हातात नसलेली दोन पाने पुकारतो. ती पाने ज्यांच्याकडे असतील ते त्याचे भिडू. पण त्यांनी ब्र काढायचा नाही. पुकारलेले पान सतरंजीवर पडेपर्यंत भिडू कोण हे त्या भिडूलाच ठाऊक. बोली करणारा बिचारा पाच तोंडांकडे आशेने बघत बसतो.

आता गुणदोष. मेंढीकोटात भिडू समोर बसतो. मांडी घालतानाच ठरते की चूक झाली तर कुणावर ओरडायचे. आमच्या सौभाग्यवती तर माझ्या भिडू असल्या की बांगड्यांच्या आवाजावर मला दश्शी सांगतात. ब्रिज हा मोठ्या लोकांचा खेळ. १९२५ साली हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने त्याला आजचे वळण दिले. त्यातही बोली आहे, पण भिडू ठरलेला, आणि बोली संपली की एकजण आपली पाने उघडी मांडून मोकळा. लपलेला भिडू काही आपल्याच देशात सापडतो असे नाही. जर्मनीत, बव्हेरियात ३२ पानांचा शाफकोफ खेळतात, त्यात एक एक्का पुकारतात आणि तो ज्याच्याकडे तो भिडू. पण तिथे त्या रंगाची उतारी झाली की त्याला बहुधा तो एक्का टाकावाच लागतो. जर्मन माणसाने सगळे नियमात बसवले. आमच्या काळ्या तिर्रीत भिडूला कसलीच सक्ती नाही. पान दाबून बसा, वाटल्यास धन्याला बुडवा. सगळा कारभार सदसद्विवेकबुद्धीवर! बँकेत एवढ्या विश्वासावर आम्ही पन्नास रुपये देत नाही.

दोषही सांगतो. पुकारतात ती बहुधा एक्का किंवा राजा. कुणी कधी किलवर सत्ती पुकारील? म्हणजे ज्याच्या हातात आधीच माल, त्यालाच भिडूपण. ज्याला अठ्ठ्या-नव्व्या आल्या तो रात्रभर विरोधी पक्षात. कर्जखात्यात पाच वर्षे काढलेल्या माणसाला ही रीत नवी वाटली नाही, पण खेळात तरी ती नको होती.

तरीही हा खेळ मी वरच्या वर्गात घालतो. त्याचे कारण दुसऱ्या रात्रीचा एक डाव.

माझा आणि दादाचा दोन वर्षे अबोला होता. घराची कौले बदलण्याचा खर्च निम्मानिम्मा ठरला, दादाने सगळे उभे राहून करवून घेतले आणि मी पैसे पाठवण्याआधी पावत्या मागितल्या. सवय हो! दादाने पावत्या पाठवल्या. पोस्टाने, रजिस्टर करून. त्यानंतर शब्द नाही.

त्या डावात दादाने १८० ची बोली केली, हुकूम चौकट सांगितला आणि पुकारले, "किलवर एक्का, बदाम राजा." किलवर एक्का माझ्या हातात. शेजारी काळी तिर्री.

दादाने पहिली उतारी इस्पिक एक्क्याची केली. माझी पाळी शेवटची. माझ्याकडे इस्पिकची अठ्ठीही होती. ती टाकली असती तर कुणी विचारणार नव्हते. मी तिर्री टाकली.

दादाने तीस गुण ओढून घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसरं इस्पिक नव्हतं वाटतं."

दोन वर्षांतले पहिले वाक्य. मी गप्प. खेळाचा नियमच तसा. दोन हातांनंतर वहिनीने इस्पिक राजा उतरला आणि मी निमूटपणे अठ्ठी ठेवली. दादा त्या अठ्ठीकडे बघत राहिला. भाचा म्हणाला, "मोठे मामा, पान टाका ना!"

आम्ही डाव हरलो. ताई हीच दुसरी भिडू असे धरून मी तिच्या हातावर बदाम पंजी वाहिली होती, आणि शेवटच्या हाताला बदाम राजा निघाला भाच्याकडे. कार्टे डोळा न मिटता बसले होते. गुण झाले १७५.

"पाच कमी," दादा म्हणाला. "पंजी कुणी घालवली?"

मी बोट वर केले.

"पावती आहे?"

ओटीवर सगळे एकदम गप्प झाले. मग आधी ताई हसली, मग वहिनी. पिसायची पाळी माझी होती; पाने गोळा करताना दोनदा हातातून सांडली.