लघु-आकारातील चित्रकथा आणि बालवाचक : 'भीमायन'च्या संदर्भात

डॉ. आंबेडकरांनी सोसलेल्या अस्पृश्यतेचे चित्रण करणारे 'भीमायन' हे पुस्तक 'नवयान'ने २०११ मध्ये इंग्रजीत प्रकाशित केले. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात रूढ चौकटी नाकारून, घराच्या भिंतींवर रेखाटल्या जाणाऱ्या 'डिगना' आकृतींनी पाने विभागली आहेत. सौम्य संवाद पक्ष्याच्या आकारात, तर विखारी संवाद विंचवाच्या नांगीसह येतात.

शंभराहून अधिक पानांचा हा मोठ्या आकाराचा ग्रंथ भीमाशंकर परिसरातील आश्रमशाळांच्या मुलांपर्यंत न्यायचा, तर लहान व स्वस्त पुस्तिका हव्यात. परंतु मूळ पाने नुसती आक्रसल्यास वळणांत गुंफलेला मजकूर वाचनीय राहणार नाही. 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ची चार चौकटींची भित्तिचित्रकथा प्रारंभापासूनच दोन ए-फोर कागदांसाठी रचलेली असते. म्हणून ती सुटसुटीत ठरते. 'भीमायन'चीही पुनर्रचनाच करावी लागेल. पाणी, निवारा व प्रवास हे त्याचे तीन भाग तीन स्वतंत्र पुस्तिकांना अनुकूल आहेत. मात्र जागेअभावी पक्षी आणि नांगी गाळल्यास मुलांच्या हाती केवळ चरित्र पडेल. बोलण्यातील विष ओळखण्याची दृष्टी मिळणार नाही.