जुन्या सुपर सोकर खरंच टिकाऊ होत्या का? एका लोकप्रिय दाव्याची चिकित्सा



मागच्या पोस्टमध्ये आपण गृहीतक कसं लिहायचं ते बघितलं. आज एक तयार दावा घेऊ आणि त्याची चिकित्सा करू. पेपरात "चिकित्सा करा" असा प्रश्न आला की बरेच जण विषयाचा परिचय लिहितात, शेवटी "तरीही हे मत महत्त्वाचे आहे" असं एक वाक्य टाकतात आणि मोकळे होतात. ती चिकित्सा नव्हे. दाव्याचे भाग सुटे करायचे, प्रत्येक भागाखाली कुठला पुरावा आहे ते बघायचं, आणि तो पुरावा खरंच त्याच भागाचा आहे का ते विचारायचं, एवढंच काम असतं.

आजचा दावा अमेरिकेतला आहे. तिथे पाण्याच्या जुन्या खेळण्यातल्या बंदुका जमवणारे हौशी लोक आहेत. त्यांच्याकडून हमखास ऐकू येतं ते असं: "नव्वदच्या दशकातल्या सुपर सोकर आजच्यापेक्षा कितीतरी दणकट होत्या. म्हणून तर त्या अजून चालतात, आणि म्हणूनच लोक बंद झालेल्या मॉडेलला एवढे पैसे मोजतात."

खेळण्याचा विषय म्हणून हसू नका. "जुनी बांधकामं मजबूत होती", "जुना अभ्यासक्रम चांगला होता" ही वाक्यं याच साच्यातली आहेत. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असं एखादं वाक्य लपलेलं असेल. माझ्यात होतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी वस्तू समजून घ्या

लॉनी जॉन्सन हे अमेरिकी हवाई दल आणि नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम केलेले अभियंते. १९८२ मध्ये ते फ्रीऑन वायूऐवजी पाण्यावर चालणारा हीट पंप बनवायचा प्रयत्न करत होते. घरच्या बाथरूममध्ये नळाला नोझल जोडून बघितलं तर पाण्याची जोरदार धार सुटली. त्यातून खेळण्याची कल्पना आली. १९८६ मध्ये पेटंट मिळालं. १९९० मध्ये लारामी कंपनीने ही बंदूक 'पॉवर ड्रेंचर' नावाने बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव 'सुपर सोकर' झालं. १९९१ मध्ये तिची विक्री २० कोटी डॉलरच्या घरात गेली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९९५ मध्ये लारामी हॅस्ब्रोकडे गेली.

या बंदुकांचे ढोबळ मानाने दोन प्रकार धरू. पहिल्या प्रकारात पंप मारला की बंदिस्त जागेतली हवा दाबली जाते आणि ती हवा पाण्याला बाहेर ढकलते. पाणी बाहेर गेलं की हवेला जागा मिळते आणि दाब उतरतो. बारावीच्या फिजिक्समधला बॉईलचा नियम, दुसरं काही नाही. त्यामुळे धार सुरुवातीला लांब जाते आणि शेवटी पायाशी पडते.

दुसरा प्रकार १९९६ मध्ये आलेल्या सीपीएस २००० चा. सीपीएस म्हणजे कॉन्स्टंट प्रेशर सिस्टिम. यात पाणी रबराच्या जाड पिशवीत भरलं जातं. पिशवी फुगते आणि आकसताना पाणी फेकते. फुगलेल्या रबराचा दाब बऱ्याच अंतरापर्यंत जवळपास सारखा राहतो, त्यामुळे धार शेवटपर्यंत जोरात असते. पुढे ही मालिका बंद झाली. आज जमवणारे सगळ्यात जास्त आदराने बोलतात ते याच बंदुकीबद्दल.

"म्हणून तर अजून चालतात": खाली कोण आहे?

आता दाव्याचा पहिला पुरावा घेऊ. आज कुणाकडे तरी तीस वर्षं जुनी बंदूक आहे आणि ती चालते. हे खरं आहे. पण यावरून टिकाऊपणा ठरवायचा तर अंशाखाली छेद पाहिजे. चालणाऱ्या किती, हा अंश. विकल्या गेलेल्या एकूण किती, हा छेद. ज्या खेळण्याची एकाच वर्षात २० कोटी डॉलरची विक्री झाली, त्याचे किती नग घरोघरी गेले असतील याचा विचार करा. त्यातले बहुतेक अंगणात उन्हात पडले, थंडीत आत राहिलेलं पाणी गोठून तडकले, पंपाचा दांडा मोडला म्हणून कचऱ्यात गेले. त्यांचा फोटो कुणी काढून ठेवलेला नाही. आपल्यासमोर आहेत ते फक्त उरलेले.

याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची अब्राहम वाल्डची गोष्ट प्रत्येक मेथडॉलॉजीच्या तासाला सांगितली जाते. ती पाठ असूनही आपण चुकतो, कारण विमानं आपली नसतात. स्वतःच्या लहानपणची वस्तू हातात आली की छेद विसरला जातो.

तुलनेतही गडबड आहे. एका बाजूला तीस वर्षांच्या चाळणीतून उरलेला उत्तम नग आहे, आणि दुसऱ्या बाजूला कालच दुकानातून आणलेला कुठलाही नग. नव्या नगांना चाळणी अजून लागलेलीच नाही. तुलना करायची तर दोन्ही बाजूंचं वय सारखं पाहिजे: तेव्हाच्या बंदुका तीन उन्हाळ्यांनंतर किती चालत होत्या आणि आजच्या तीन उन्हाळ्यांनंतर किती चालतात?

जोर वेगळा, टिकाऊपणा वेगळा

मला सगळ्यात रोचक वाटला तो मुद्दा हा. ज्या भागामुळे सीपीएस २००० जोरदार होती, तोच भाग काळापुढे सगळ्यात कच्चा आहे. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या साखळ्या तोडतात, आणि रबर ताणलेलं असेल तर ओझोनच्या भेगा लवकर पडतात. जुना रबर बँड कपाटातल्या कपाटात चिकट होतो किंवा कडक होऊन तुटतो, तसंच. बाहेरचं एबीएस प्लास्टिकही उन्हात पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, पण सावलीत ठेवलं तर बरीच वर्षं तग धरतं.

म्हणजे "दणकट" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या. धारेचा जोर, कवचाची मजबुती आणि आतल्या यंत्रणेचं आयुष्य. पहिली जास्त असली म्हणून तिसरी जास्त असेल असं नाही. इथे तर जोर ज्या रबरातून येतो, आयुष्याची मर्यादाही तेच घालतं. हवेच्या दाबावरची साधी बंदूक जोरात कमी, पण तिच्यात फुगून-आकसून थकणारी पिशवीच नाही. वायसर आणि सील तेवढे सांभाळावे लागतात.

वायसरवरून आठवलं. रंगपंचमीची पितळी पिचकारी ज्यांनी घरात पाहिली असेल त्यांना माहीत आहे, ती दर वर्षी पहिल्यांदा चालत नाही. आतला चामड्याचा वायसर वाळलेला असतो. तो तेलात भिजवायचा, नाहीतर नवीन टाकायचा, की पिचकारी परत सुरू. ती टिकते कारण तिचा मरणारा भाग बदलता येतो. बंद झालेल्या बंदुकीची पिशवी फाटली तर तसा भाग दुकानात मागता येत नाही. म्हणून "किती वर्षं चालली" याच्या शेजारी "काय बिघडलं आणि ते बदलता आलं का" हा रकाना पाहिजे. टिकाऊपणाची व्याख्या दुरुस्तीशिवाय केली तर ती अर्धीच राहते.

"म्हणूनच एवढे पैसे मोजतात": किंमत कशाची?

दुसरा पुरावा किमतीचा. इथे आधी एक साधी खबरदारी. ऑनलाइन दिसते ती बहुतेक वेळा मागितलेली किंमत असते. कुणीही काहीही मागू शकतो. ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तूंचे व्यवहार वेगळे बघता येतात. अभ्यासात घ्यायचे तर तेच.

पण झालेल्या व्यवहारांची किंमत घेतली तरी दावा सिद्ध होत नाही. जमवणाऱ्यांच्या बाजारात सर्वांत मान कुठल्या नगाला असतो? खोक्यात बंद, कधीही पाणी न भरलेल्या नगाला. म्हणजे वस्तू जितकी कमी वापरलेली, तितकी किंमत जास्त. मग हीच किंमत "वापरात टिकते" याचा पुरावा कशी होईल? न वापरल्याचा पुरावा होईल फार तर. आणि खोक्यातसुद्धा रबराचं वय वाढतच असतं.

उलट असंही म्हणता येईल की वस्तू टिकली नाही म्हणूनच महाग झाली. सगळ्या बंदुका धडधाकट उरल्या असत्या तर त्या जुन्या बाजारात ढिगाने पडल्या असत्या. दुर्मिळता आणि टिकाऊपणा इथे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. एकच किंमत दोन उलट कारणांनी समजावता येत असेल, तर त्या किमतीवरून एका कारणाचा निष्कर्ष काढता येत नाही. व्हायवात नेमकं इथेच पकडतात, सांगून ठेवतो.

शिवाय मूल्य कुणासाठी, हेही विचारा. २०१३ मध्ये लवादाने हॅस्ब्रोने जॉन्सन यांना रॉयल्टीपोटी ७ कोटी २९ लाख डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. २०१५ मध्ये सुपर सोकर अमेरिकेच्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये गेली. संशोधकाला मूल्य म्हणजे रॉयल्टी, संग्रहालयाला इतिहास, चाळिशीतल्या माणसाला लहानपणची सुट्टी. या तिन्हीतलं एकही मूल्य पिशवी फाटली म्हणून संपत नाही. ज्याला आज दुपारी मित्राला भिजवायचं आहे त्या पोराचं मात्र संपतं.

या बाजारात एक दंतकथाही फिरते: सीपीएस २००० इतकी जोरदार होती की कुणाला तरी इजा झाली आणि ती बाजारातून परत मागवावी लागली. अशी कथा किंमत वाढवते, म्हणून ती जास्त काळजीने तपासायची. अमेरिकेत ग्राहक वस्तूंच्या सुरक्षेसाठी आयोग आहे आणि परत मागवलेल्या वस्तूंच्या नोंदी तो जाहीर करतो. संदर्भ द्यायचा तर त्या नोंदीचा. "सगळेच म्हणतात" हा संदर्भ होत नाही.

हौशी लोकांचं काय बरोबर आहे?

चिकित्सा म्हणजे नुसतं पाडणं नव्हे. या मंडळींचं एक काम मनापासून आवडलं: ते मोजतात. धार किती लांब गेली, एका भरण्यात किती सेकंद चालली, सेकंदाला किती पाणी बाहेर पडलं. चालू स्थितीतल्या नगांच्या जोराबद्दल ते बोलतात तेव्हा त्यांच्या हातात पुरावा असतो. घसरण होते ती पुढच्या पायरीवर, जोराचा पुरावा टिकाऊपणाच्या खात्यावर टाकताना.

माझं स्वतःचं

आता कबुली. माझा पहिला सिनॉप्सिस घरगुती मिक्सरच्या आयुष्यावर होता. वीस वर्षांहून जुने मिक्सर वापरणारी घरं शोधली, प्रश्नावली भरून घेतली. काकू-मावश्यांनी चहा पाजून सांगितलं, "आता असे मिक्सर येत नाहीत रे." मी तेच निष्कर्षात लिहिलं. समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "जे बिघडून भंगारात गेले, ते तुमच्या नमुन्यात कसे येणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. फेलोशिपचा एक हप्ता त्या फिरण्यातच गेला होता. मग मी मिक्सर रिपेअर करणाऱ्यांकडे आणि भंगारवाल्यांकडे जायला लागलो. मेलेली यंत्रं तिथे भेटतात, आणि कशाने मेली तेही कळतं.

मग अभ्यास कसा मांडायचा?

बंदुकांचाच विषय घेतला तर मी असा मांडेन:

१. व्याख्या आधी. "टिकाऊ" म्हणजे ठरावीक वेळा पंप मारल्यावरही मूळ अंतराच्या अमुक टक्के धार देणारी. टक्का आधी ठरवायचा, मोजल्यावर नाही.

२. नमुना चालणाऱ्यांचा नको. "तुमच्याकडे लहानपणी कुठली होती आणि तिचं पुढे काय झालं?" असं विचारायचं. हरवली, मोडली, फेकली, ही सगळी उत्तरं नोंदवायची. आठवणीत चूक असतेच, पण मेलेल्या नगांना यादीत जागा तरी मिळते.

३. बिघाड भागानुसार लिहायचा: कवच, पंप, सील, पिशवी. सगळ्यांची सरासरी काढली की कारण हरवतं.

४. जुना आणि नवा नग एकाच वयाला तोलायचा. ते शक्य नसेल तर तुलनेचा दावाच करायचा नाही.

५. किंमत हा वेगळा अभ्यास. त्यात खोका, दुर्मिळता, अवस्था आणि विक्रीचं वर्ष ही चलं स्वतंत्र ठेवायची.

एवढं केल्यावर कदाचित जुन्या बंदुका खरंच जास्त टिकाऊ निघतील. निघू देत. दावा खोटा आहे असं मी म्हटलेलं नाही. त्याला आज जोडलेले पुरावे त्याचे नाहीत, एवढंच म्हणतोय. या दोन वाक्यांतला फरक ज्याला लिहिता आला त्याचं चिकित्सेचं प्रकरण निम्मं झालं.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. त्यातलं "म्हणून" शोधा. त्याच्या आधी आणि नंतर काय लिहिलंय ते दोन कागदांवर वेगळं करा, आणि तुमच्या नमुन्यात कोण येऊच शकलं नाही त्यांची यादी तिसऱ्या कागदावर करा. तो तिसरा कागद गाइडकडे घेऊन जा. पुढच्या पोस्टमध्ये रिपेअरवाल्यांच्या वह्यांतून डेटा कसा काढला ते सांगतो.