घागर आणि हायड्रिया

ग्रीक मृत्पात्रांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्याचा भर बहुधा त्यांवरील चित्रांवर असतो. हेराक्लीजचे पराक्रम, ट्रॉयचे योद्धे यांचे रसभरीत वर्णन होते. पात्रात काय भरीत, हे सांगायचे मात्र राहून जाते. ही उणीव किरकोळ नाही.

वस्तुतः आकार हीच या पात्रांची पहिली भाषा होय. हायड्रिया म्हणजे पाण्याची घागर. तिला तीन कान : बाजूचे दोन आडवे उचलण्यासाठी, मागचा उभा ओतण्यासाठी. क्रेटरचे तोंड रुंद, कारण त्यात मद्यात पाणी मिसळीत. लेकिथॉसची मान अरुंद, तेल बेताने पडावे म्हणून; इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये पांढऱ्या लेपाची लेकिथॉस मृतांना अर्पण करीत. अँफोरा तर आपल्या दारापर्यंत आला : रोमन काळातील अशा कुंभांची खापरे नेवासे येथील उत्खननात मिळाली.

आता आपल्याकडे पाहावे. घागरीला कान नाही; ती डोक्यावर चुंबळीवर वा कमरेवर बसते, म्हणून तिचे बूड गोल. रांजण हलवायचा नसतो, म्हणून तो बुडाशी जमिनीत पुरतात. सुगड, बोळके, परळ, डेरा या प्रत्येक शब्दामागे एक काम आहे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लहान मुलांना, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरीत. लेकिथॉसइतकेच हे कुंभही बोलके आहेत. तरी एकाला आपण कला म्हणतो, दुसऱ्याला मडके.

कोणी म्हणेल, ग्रीकांनी आपल्या पात्रांना नेमकी नावे दिली. हे अर्धेच खरे. आज ग्रंथांत रूढ असलेल्या अनेक नावांचा अर्थ नंतरच्या अभ्यासकांनी निश्चित केला. प्राचीन ग्रीक 'लेकिथॉस' हा शब्द तेलाच्या नाना कुप्यांना सरसकट लावीत. नेमकेपणा वारशाने येत नाही, अभ्यासाने येतो.

सरकारी नोकरीत पंचनामे करताना मीही 'मातीची भांडी, नग सात' एवढेच लिहीत आलो. त्या घरात काय रांधले, काय साठवले, ते सारे त्या एका शब्दाखाली गाडले गेले. ती चूक आता दुरुस्त होणार नाही. परंतु कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेले खानापूर उचगावहून दूर नाही. ग्रीक संज्ञा पाठ करण्याआधी तेथील जाणत्या कुंभारांकडून आकारांची मराठी आणि कन्नड नावे, उपयोगांसह, लिहून घ्यावीत.