शर्तीवाचून संकेतार्थ

स्पॅनिशमधील ‘कोंदिसियोनाल’ रूपास ‘संकेतार्थ’ म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस हे नाव अपुरे वाटते. रूपाची घडण सोपी आहे. ‘आब्लार’ (बोलणे) यास ‘ईआ’ जोडले की ‘आब्लारीआ’. ‘तेनेर’सारखी मोजकी क्रियापदे भविष्यकाळातलेच बदललेले अंग घेतात, म्हणून ‘तेन्द्रीआ’. पण ज्या ‘सी’च्या (जर) वाक्यांशात शर्त असते, तेथे प्रमाणभाषेस हे रूपच चालत नाही! मराठीत मात्र ‘पाऊस पडला असता, तर पीक तगले असते’ असा ‘असता’ दोन्हीकडे नांदतो.

आंद्रेस बेयो यांनी १८४७ च्या आपल्या व्याकरणात यास ‘पोस्प्रेतेरितो’, म्हणजे भूतानंतरचा काळ, म्हटले. आमचा कौल त्यांनाच. ‘दिखो के बेन्द्रीआ’ म्हणजे ‘येईन, असे तो म्हणाला’. यात शर्त कोठे आहे? ‘सेरीआन लास त्रेस’ म्हणजे ‘तेव्हा तीन वाजले असतील’. हा तर निव्वळ अंदाज.

खरी फसगत वृत्तपत्री भाषेत होते. मंत्र्याने ‘आब्रीआ दिमितीदो’ म्हणजे त्याने राजीनामा दिल्याचे कळते, खात्री नाही. शुद्धिवादी या प्रयोगास फ्रेंच वळणाचा म्हणून नाक मुरडतात, तरी तो रूढ आहे. अनुवादकाने तेथे ‘राजीनामा दिला असता’ असे लिहिले, की मराठी वाचकापुरता मंत्री खुर्चीवर कायम! आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी असलेले ‘म्हणे’ येथे नेमके बसते: ‘मंत्र्याने राजीनामा दिला म्हणे.’